तडा किती मोठा चालेल?

माठ विकत घेताना आजी त्यावर बोटाने टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे असे समजून ती दुसऱ्या माठाकडे वळते. आगगाडी स्थानकात थांबली की चाकांवर हातोडी मारत जाणारा रेल्वेचा कर्मचारी जुन्या लोकांना आठवत असेल. तोही हेच करत असे. टिचकीला एकच प्रश्न विचारता येतो : तडा आहे की नाही? आणि उत्तर ‘आहे’ असे आले की वस्तू बाद.

माठ बाद करता येतो, दीडशे टनांचे पोलादी पात्र सहजासहजी बाद करता येत नाही. खताच्या कारखान्यातील अमोनियाचे पात्र, वीजकेंद्रातील बॉयलरचा ड्रम, तेलशुद्धीकरण कारखान्यातील भट्टी, अणुभट्टीचे दाबपात्र ही सगळी आत प्रचंड दाब घेऊन उभी असतात. त्यांच्या वेल्डमध्ये बारीक बारीक दोष असतातच. एकही दोष नसलेले मोठे पात्र आजवर कोणी बनवलेले नाही. म्हणून इथे प्रश्न बदलावा लागतो. ‘तडा आहे का?’ असे न विचारता ‘हा तडा किती मोठा झाला तर पात्र फुटेल, आणि आज तो त्यापासून किती दूर आहे?’ असे विचारावे लागते.

आज या प्रश्नाचे उत्तर संगणकाचा पडदा काही सेकंदांत देतो. तड्याची खोली, भिंतीची जाडी, दाब, तापमान असे आकडे भरले की एका आलेखावर एक ठिपका उमटतो. ठिपका रेषेच्या आत पडला तर पात्र चालवा, बाहेर पडला तर थांबवा. हे उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या आज्ञावलीत भरल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे एखादी दुर्घटना आहे.

जाड भिंत, मोठे मन

एकोणिसावे शतक वाफेचे होते आणि बॉयलरच्या स्फोटांचेही. २७ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत मिसिसिपी नदीवर मेम्फिस गावाजवळ ‘सुलताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि ११०० हून अधिक माणसे गेली. आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात एका बॉयलरच्या स्फोटात अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे नियम झाले आणि १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने त्यांना एकसूत्रीपणा आला. या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

त्या काळचा उपाय सरळ होता. धातूचा नमुना ओढून तो किती ताणाला तुटतो ते पाहायचे, त्या ताणाचा चौथा-पाचवा हिस्साच वापरायचा आणि भिंत तेवढी जाड ठेवायची. (पाठ्यपुस्तकात ज्याला प्रतिबल म्हणतात त्याला इथे आपण सोयीसाठी ताण म्हणू.) शिवाय तयार पात्र पाण्याने भरून कामाच्या दाबापेक्षा अधिक दाबाने तपासायचे. पाणीच का? वाफ किंवा हवा दाबली की स्प्रिंगसारखी खूप ऊर्जा साठवते. पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणून ऊर्जा कमी साठते. पात्र फुटलेच तर निदान तोफेसारखे फुटू नये.

या उपायाने स्फोट खूप कमी झाले. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती : धातू सगळीकडे सारखा आहे आणि त्यात तडा नाही.

काचेचे फुगे

केंब्रिजचे प्राध्यापक चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये एक गणित सोडवले. ताणलेल्या पत्र्यात लंबवर्तुळाकार भोक असेल तर भोकाच्या टोकाशी ताण किती वाढतो? उत्तर धक्कादायक होते. भोक ताणाच्या दिशेला आडवे असेल आणि त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर टोकाशी ताण एकवीसपट होतो. भोक जितके चिंचोळे तितका ताण अधिक. मग तडा म्हणजे तर रुंदी जवळजवळ शून्य! त्याच्या टोकाशी ताण अनंत झाला पाहिजे आणि ओरखडा असलेली प्रत्येक काच नुसत्या स्पर्शाने फुटली पाहिजे. तसे तर होत नाही.

ही गाठ सोडवली ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ यांनी. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत ते काम करत होते. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील प्रयोग आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहेत. त्यांनी काचेचे पातळ गोल फुगे आणि नळ्या घेतल्या, त्यांवर ठरावीक लांबीचे तडे पाडले आणि आत द्रव दाबून ते फोडले. तडा पडलेल्या दाबपात्राची मोजून केलेली परीक्षा ती हीच, फक्त पात्र काचेचे आणि हातात मावेल एवढे!

ग्रिफिथ यांनी ताणाऐवजी ऊर्जेचा जमाखर्च मांडला. तडा पुढे सरकला की आजूबाजूचा ताणलेला पदार्थ सैल पडतो आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते, ही जमा. तड्याचे दोन नवे पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते, हा खर्च. खर्च तड्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे तडा लहान आहे तोवर खर्च भारी पडतो आणि तो जागच्या जागी राहतो. एका विशिष्ट लांबीनंतर जमा वरचढ होते आणि मग तडा स्वतःच्याच बळावर धावत सुटतो. प्रत्येक तड्याला अशी एक निर्णायक लांबी असते, हा ग्रिफिथ यांचा मोठा शोध. ‘किती मोठा चालेल?’ हा प्रश्न विचारणे तेव्हापासून शक्य झाले.

वर्गात हे सहज दाखवता येईल. प्लॅस्टिकच्या पिशवीच्या एकसारख्या चार पट्ट्या कापा. एक तशीच ठेवा. बाकीच्यांना कडेला २, ४ आणि ८ मिलिमीटरचे काप द्या आणि ओढून पाहा. शांपूच्या पुडीला कडेला छोटी खाच का ठेवलेली असते, हे मुलांना न सांगता कळेल.

बंदरात तुटलेले जहाज

काच ठिसूळच असते, पोलादाचे काय? अनेक अभियंत्यांना वाटे की पोलाद चिवट आहे, त्याला ग्रिफिथचे गणित लागू नाही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ‘स्कनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभे असताना मधोमध तुटले. वादळ नव्हते, पाणसुरुंग नव्हता. युद्धकाळात घाईने बांधलेल्या इतर अनेक वेल्डेड जहाजांनाही असेच तडे गेले. केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर या धातुशास्त्रज्ञ बाईंनी याचा माग काढला. ते पोलाद उबदार हवेत चिवट होते, पण थंडीत काचेसारखे वागत होते. शिवाय रिबिटांच्या जोडात तडा प्लेटच्या कडेशी थांबे. वेल्ड केलेले जहाज म्हणजे एकच अखंड पत्रा, त्यात तडा थेट दुसऱ्या टोकापर्यंत जाई.

वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील जॉर्ज आयर्विन यांनी १९५७ मध्ये या सगळ्याला अभियंत्याच्या हातात देता येईल असे रूप दिले. तड्याच्या टोकाजवळची परिस्थिती एकाच राशीने सांगता येते, असे त्यांनी दाखवले. तिला ताण-तीव्रता गुणांक म्हणतात. रुंद पत्र्याच्या मध्यावर आरपार तडा असेल तर सूत्र सोपे आहे :

के = त × √(३.१४ × अ)

इथे ‘त’ म्हणजे लांबून लावलेला ताण आणि ‘अ’ म्हणजे तड्याची अर्धी लांबी. ‘के’ वाढत वाढत पदार्थाच्या चिवटपणापर्यंत पोचला की तडा सुटतो. चिवटपणा ही प्रयोगशाळेत मोजता येणारी राशी आहे.

एक उदाहरण करून पाहू. ताण १५० मेगापास्कल आणि चिवटपणा १०० एकक (मेगापास्कल गुणिले √मीटर) असेल, तर निर्णायक ‘अ’ सुमारे १४० मिलिमीटर येतो. एवढा तडा कोणाच्याही नजरेत भरेल. आता तेच पोलाद थंडीत ठिसूळ होऊन चिवटपणा ३० वर आला असे समजा. ‘अ’ एकदम १३ मिलिमीटर होतो. त्यात वेल्ड थंड होताना मागे राहिलेला ताण मिळून एकूण ताण दुप्पट झाला, तर उरतात जेमतेम ३ मिलिमीटर. सूत्रात वर्ग दडलेला आहे, म्हणून चिवटपणा निम्मा झाला तर चालू शकणारा तडा निम्मा न होता चौथाई होतो.

तडे वाढतातही

१९५४ मध्ये ‘कॉमेट’ या ब्रिटिश जेट विमानांचे दोन अपघात झाले. जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळच्या समुद्रात. उंचावर हवा विरळ असते म्हणून प्रवाशांच्या दालनात हवेचा दाब ठेवावा लागतो. म्हणजे विमानाचे धडही एक दाबपात्रच. फार्नबरोला एक आख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला व सोडला. आधीची खरी उड्डाणे धरून सुमारे ३००० फेऱ्यांनंतर धड फाटले. एका फेरीत काहीच बिघडत नव्हते, पण प्रत्येक फेरीत तडा केसभर पुढे सरकत होता.

अमेरिकेतील पॉल पॅरिस यांनी १९६१ मध्ये मांडले की एका फेरीत तडा किती वाढेल हे आयर्विनच्या ‘के’मधील चढउतारावरून ठरते. त्यांचा निबंध नामांकित नियतकालिकांनी परत पाठवला आणि तो विद्यापीठाच्या एका साध्या मासिकात छापला गेला. आज या विषयाची कोणतीही आज्ञावली त्या सूत्रावाचून पुरी होत नाही. आजचा तडा आणि निर्णायक तडा यांच्यामधील अंतर कापायला किती वर्षे लागतील, हे त्यावरूनच काढतात.

वूल्व्हरहॅम्प्टनचा धडा

हे सगळे ज्ञान कागदावर होते, पण दाबपात्रांचे नियम अजून जुन्याच वाटेने जात होते. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडमधील वूल्व्हरहॅम्प्टन येथे अमोनियासाठी बांधलेले एक मोठे पात्र पाण्याच्या दाबाखाली तपासत होते. भिंत सुमारे १५० मिलिमीटर जाड, वजन दीडशे टनांहून अधिक. तपासणीचा ठरलेला दाब गाठण्याआधीच ते फुटले. आत पाणी असूनही सुमारे दोन टनांचा एक तुकडा ४५ मीटरच्या आसपास दूर जाऊन पडला.

चौकशीत फुटण्याचे मूळ सापडले. वेल्डच्या कडेला जेमतेम एक सेंटिमीटरचा तडा होता. वेल्डनंतर पात्र तापवून आतले ताण काढतात; ते तापवणे ठरल्यापेक्षा कमी तापमानाला झाले होते, त्यामुळे वेल्ड ठिसूळ राहिला होता आणि ताणही उरला होता. त्यात डिसेंबरची थंडी. वर केलेले गणित पुन्हा पाहा : कमी चिवटपणा, दुप्पट ताण, छोटा तडा. दीडशे मिलिमीटर जाडी त्यापुढे उपयोगी पडली नाही. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील कॉकेन्झी वीजकेंद्राच्या बॉयलरचा ड्रमही पाण्याच्या चाचणीत फुटला.

तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट झाली. पात्र सुरक्षित आहे का, हे तीन आकड्यांवर ठरते : तडा केवढा, ताण केवढा आणि चिवटपणा केवढा. जाडी हा त्यांतील फक्त एकाचा, ताणाचा, भाग आहे.

दोन मरणे, एक आलेख

ग्रिफिथ आणि आयर्विन यांचे गणित ठिसूळ मरणाचे आहे. पण पोलाद दुसऱ्या प्रकारेही मरते. खडू आणि कणकेचा गोळा घ्या. खडू वाकवला की कट्‌कन मोडतो. कणीक ताणत जाते, बारीक होते आणि मग तुटते. पोलाद या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते. नेमके कुठे, ते तापमान आणि जाडी यांवर ठरते.

ब्रिटनच्या केंद्रीय वीजनिर्मिती मंडळातील हॅरिसन, लूझमोर आणि मिल्न यांनी १९७६ मध्ये ‘आर-६’ नावाची पद्धत दिली. आलेखाच्या उभ्या अक्षावर ठिसूळ मरण किती जवळ आहे ते मांडायचे, म्हणजे ‘के’ भागिले चिवटपणा. आडव्या अक्षावर कणकेसारखे मरण किती जवळ आहे ते, म्हणजे लावलेला भार भागिले पात्र ताणून निकामी होईल तो भार. दोन्हींना सांधणारी एक वक्ररेषा काढायची. आपल्या तड्याचा ठिपका रेषेच्या आत असेल तर ठीक. तो रेषेपासून किती दूर आहे यावरून हातात किती वाव उरला आहे तेही दिसते.

याच वर्षी ब्रिटनमध्ये वॉल्टर मार्शल यांच्या समितीचा अहवाल आला. दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांची पात्रे कितपत विश्वासार्ह, याबद्दल नामवंत धातुशास्त्रज्ञ ॲलन कॉट्रेल यांनी शंका उपस्थित केल्या होत्या. एवढ्या जाड पोलादात किती तडे असतील आणि ते तपासणीत सापडतील का, हा त्यांचा रोख होता. मार्शल समितीने उपलब्ध माहितीवरून पात्रातील तड्यांच्या आकारांचा एक अंदाज बांधला. हा अंदाज लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटेल.

अडचण होती ती ‘के’ काढण्याची. खरा तडा पत्र्याच्या मध्यावर आरपार नसतो. तो नळीच्या आतल्या बाजूला अर्ध्या बशीसारखा असतो, नाहीतर फाट्याच्या कोपऱ्यात. १९७३ मध्ये टाडा, पॅरिस व आयर्विन यांनी शेकडो आकारांची उत्तरे एका जाडजूड ग्रंथात एकत्र केली. १९७९ मध्ये नासाच्या लँगली केंद्रात न्यूमन आणि राजू यांनी संगणकावर बशीसारख्या तड्याचे लहान लहान तुकडे पाडून गणित सोडवले आणि निघालेली उत्तरे एका सूत्रात बसवली. हे सूत्र लांबलचक आहे. हाताने करताना चूक हमखास होते. संगणकाला मात्र ते आवडते.

पुढे घरगुती आकाराचे संगणक आले आणि आलेख, ग्रंथ, सूत्रे सगळे एका तबकडीत गेले. ब्रिटनचा मार्गदर्शक दस्तऐवज १९८० चा, तो १९९९ मध्ये ‘बीएस ७९१०’ झाला; अमेरिकेत २००० मध्ये ‘एपीआय ५७९’ आला. ‘आर-कोड’, ‘क्रॅकवाइज’ यांसारख्या आज्ञावल्या या पद्धतींचीच संगणकी रूपे आहेत. आपल्याकडे तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांच्या मुख्य नळ्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात असेच गणित झाले. तडा निर्णायक लांबी गाठण्याआधी भिंतीच्या आरपार जाईल आणि गळती दिसून आधीच इशारा मिळेल, हे त्यात दाखवायचे असते.

एक दिवा पडला

२० मार्च १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील रँचो सेको अणुवीज केंद्रात एक कर्मचारी नियंत्रण-फलकावरील छोटा दिवा बदलत होता. दिवा हातातून निसटून फलकात पडला आणि शॉर्टसर्किट झाले. अनेक मापकांची वीज गेली, यंत्रणेला चुकीचे संदेश मिळाले आणि पात्रातील पाणी सुमारे तासाभरात ३०० अंशांच्या आसपासून १४० अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाले. दाब मात्र वरच होता. गरम काचेच्या पेल्यात थंड पाणी ओतल्यासारखी ही स्थिती. पात्राची आतली बाजू आकसू पाहते, बाहेरची तिला आकसू देत नाही, आणि आतल्या तड्यांवर ताण येतो. ते पात्र नवे होते, म्हणून निभावले. जुने असते तर? न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोलाद वर्षानुवर्षे ठिसूळ होत जाते. वेल्डमध्ये तांबे असेल तर अधिकच.

अमेरिकेने १९८५ मध्ये यासाठी नियम केला आणि पोलाद किती ठिसूळ झालेले चालेल याची मर्यादा घातली. मॅसॅच्युसेट्समधील यँकी रो हे जुने केंद्र या प्रश्नावरच १९९१ मध्ये थांबले आणि १९९२ मध्ये कायमचे बंद झाले. त्याच्या पात्रात घातक तडा सापडला होता असे नव्हे. चिवटपणाचा आकडा किती आणि तडे किती, हे पटेल असे सिद्ध करता आले नाही, एवढेच.

ओक रिज प्रयोगशाळेत या प्रश्नासाठी ‘फेव्हर’ ही आज्ञावली घडवली गेली. ती एका पात्राचे एकच उत्तर देत नाही. संगणकात हजारो काल्पनिक पात्रे घडवते, प्रत्येकात तडे, तांबे, चिवटपणा थोडे थोडे वेगळे ठेवते आणि थंड पाण्याच्या प्रसंगात किती पात्रे फुटतात ते मोजते. पण तडे किती धरायचे? सुरुवातीच्या गणितांत मार्शल समितीचाच अंदाज वापरात होता. मग वापरात न आलेल्या किंवा रद्द झालेल्या पात्रांचे वेल्ड मागवून, कापून, चकत्या करून खरे दोष मोजले गेले. दोष अंदाजापेक्षा संख्येने खूप जास्त निघाले, पण आकाराने खूप लहान, आणि बहुतेक भिंतीच्या पोटात. पृष्ठभागावर फारसे नाहीत. २०१० मध्ये नियम बदलून अधिक वास्तव झाला, त्यामागे हे काम होते. आज्ञावली सुधारली ती करवतीने!

दोन तपासनीस

या विषयात मी नवा असतानाची एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यातून पात्राच्या वेल्डमधील तड्याचा अहवाल आला होता. श्राव्यातीत ध्वनीने मोजलेली खोली ४ मिलिमीटर. मी सारे आकडे भरले, ठिपका छान आत पडला. दशांशचिन्हापुढे चार स्थळांपर्यंतचे उत्तर छापून मी वरिष्ठांपुढे ठेवले. त्यांनी उत्तराकडे पाहिलेही नाही. विचारले, “हे चार कोणी मोजले?” मला सांगता येईना. दुसरा तपासनीस पाठवला. त्याच तड्याची खोली त्याने ९ मिलिमीटर सांगितली. ठिपका रेषेबाहेर गेला. पोलाद तेच, तडा तोच, आज्ञावली तीच. शेवटी तो भाग खरवडून दुरुस्त करण्यात आला. खरा आकडा सहा होता की आठ, हे आता कोणालाच कळणार नाही. पण तेव्हापासून छापील उत्तराच्या चार दशांश स्थळांकडे पाहिले की मला त्या दिवसाची लाज आठवते.

बेल्जियममध्ये हीच गोष्ट सगळ्या देशापुढे घडली. २०१२ च्या उन्हाळ्यात डूल येथील तिसऱ्या अणुभट्टीच्या पात्रात सुमारे ८००० दोष दिसले. पोलाद घडवताना आत राहिलेल्या हायड्रोजनमुळे झालेल्या या बारीक चिरा होत्या. भाकरीच्या पापुद्र्याप्रमाणे त्या भिंतीला जवळजवळ समांतर पसरल्या होत्या. अशी चीर आतल्या दाबाने सहसा उघडत नाही. गणिताने पात्र सुरक्षित ठरवले आणि २०१३ मध्ये भट्टी सुरू झाली. पण अशाच पोलादाच्या एका नमुन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून चाचणी घेतली, तेव्हा अपेक्षेहून अधिक ठिसूळपणा दिसला आणि २०१४ मध्ये ती पुन्हा थांबवली. दोष शोधण्याची रीत अधिक बारीक केल्यावर त्यांची संख्या १३००० च्या वर गेली. नव्याने गणिते, नव्याने तपासण्या झाल्या आणि २०१५ च्या अखेरीस नियामक संस्थेने पुन्हा परवानगी दिली. शेजारच्या नेदरलंड्स व जर्मनीतही ती बंद करण्याची मागणी होत राहिली. अखेर देशाच्या ठरलेल्या धोरणानुसार सप्टेंबर २०२२ मध्ये ती कायमची बंद झाली.

तेरा हजार दोष असलेले पात्र चालवायला परवानगी देणारे शास्त्रज्ञ बेफिकीर होते का? मला तसे वाटत नाही. दोष किती, यापेक्षा ते केवढे व कोणत्या दिशेचे हे महत्त्वाचे, असे शंभर वर्षांचे गणित सांगते. मग घाबरणारे नागरिक अडाणी होते का? तेही नाही. तीन आकड्यांपैकी दोन त्यांच्या डोळ्यांदेखत बदलले होते. ‘हा आकडा कोणी मोजला आणि किती चुकू शकतो?’ असे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि त्यांच्या विचारण्यामुळेच काही मोजमापे पुन्हा, अधिक काळजीने झाली असणार.

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांकडून सूत्रे पाठ करून घेतो, आकडे भरून उत्तरे काढून घेतो. आता ते काम यंत्रही करते. यंत्र करत नाही ते एकच : हातात आलेल्या आकड्यावर शंका घेणे. वर्गात एक साधी गोष्ट करून पाहावी. एका फरशीवरची चीर दहा मुलांना वेगवेगळी, एकमेकांना न सांगता, पट्टीने मोजायला लावावी आणि दहाही उत्तरे फळ्यावर लिहावीत. मग वरच्या सूत्रात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी लांबी घालून ‘के’ काढायला सांगावा. उत्तरे पाहून मुले विचारतील, “सर, यातले बरोबर कोणते?” त्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये.